हरणे एका रात्रीत मोजून होत नाहीत

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी ‘मोजदाद’ हा विषय ठरवला, तेव्हा नाशिक जिल्ह्यातला एक प्रश्न आपसूक पुढे आला. आपल्या माळांवर हरणे किती आहेत, हे आपल्याला खरोखर कळते का? दरवर्षी वैशाखात वर्तमानपत्रांत आकडे येतात. यंदा इतकी काळवीटे दिसली, गेल्या वर्षीपेक्षा इतकी जास्त, किंवा इतकी कमी. आकडा वाचून कोणी सुखावते, कोणी हळहळते, आणि पुढच्या वैशाखापर्यंत विषय मिटतो. या लेखाचे म्हणणे असे, की एका रात्रीच्या गणनेतून येणाऱ्या या आकड्यावर हरणांबद्दलचा कोणताही निर्णय उभा राहू शकत नाही. त्यासाठी वर्षभर चालणारी, ठरलेल्या पद्धतीची, जिवंत जनावरांइतकीच मेलेल्या जनावरांचीही नोंद ठेवणारी देखरेख लागते. ती आपल्याकडच्या माणसांना करता येण्याजोगी आहे आणि तिचा खर्चही फार नाही.

पुराचे टोक, टँकरचे टोक

नाशिक जिल्ह्याची दोन टोके पाहू. सायखेडा गोदावरीच्या काठावर आहे. पलीकडे चांदोरी. २०१६ च्या ऑगस्टमध्ये नदीचे पाणी या दोन्ही गावांत शिरले आणि बाजारपेठ बुडाली. द्राक्षबागा, ऊस, कांदा, टोमॅटो अशी ही निफाड तालुक्याची ओली बाजू. नदीने थोडे खाली गेले की नांदूरमध्यमेश्वर. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ बंधारा घातला, गाळ साठत गेला, त्यातून उथळ पाणथळ तयार झाली आणि पक्षी आले. १९८६ मध्ये तिथे अभयारण्य झाले आणि २०२० मध्ये जागतिक महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत स्थान मिळाल्याची घोषणा झाली. महाराष्ट्रातली ती पहिली रामसर जागा. याच जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, येवल्याच्या पुढे राजापूर, ममदापूर, सोमठाण जोश, देवदरी या बाजूला गेले की जमीन ओळखू येत नाही. वर मुरूम, खाली खडक. कुसळी आणि पवन्याचे गवत, मध्येमध्ये हिवर, बोर, तरवड, हेकळ. पाऊस कमी आणि उन्हाळ्यात पिण्याचे पाणी टँकरने. या कोरड्या माळावर काळवीट टिकून आहे. ममदापूरच्या परिसरातल्या सुमारे ५४ चौरस किलोमीटर वनक्षेत्राला म्हणूनच संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला.

या दोन टोकांवरच्या मोजणीत फरक आहे. पाणपक्ष्यांची आशियाई गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते. तलाव तोच, महिना तोच, नोंदीचा तक्ताही तोच. एखाद्या वर्षी बदके कमी आली, तर ती खरोखर कमी आली की मोजणारे कमी होते, हे जुन्या नोंदींवरून ताडून पाहता येते. माळावरच्या हरणांच्या वाट्याला अशी सलग नोंद फारशी आलेली नाही. पाणथळीवर पक्षी डोळ्यांसमोर एका जागी बसलेले असतात, माळावर हरीण पांगलेले असते. म्हणजे मोजायला अवघड असलेल्या जनावरासाठी आपण सोपी पद्धत वापरतो, आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

दख्खनचा स्वतःचा चिंकारा

जगात गॅझेल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या हरणांचे भारतातले मुख्य प्रतिनिधित्व करतो तो चिंकारा. त्याचे शास्त्रीय वर्णन १८३१ मध्ये कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांनी केले. साइक्स मुंबई सरकारसाठी दख्खनची पाहणी करत होते आणि ज्या जनावरांवरून त्यांनी हे वर्णन केले ती दख्खनची होती. आज चिंकारा म्हटले की राजस्थान, वाळूचे ढिगारे आणि बिश्नोई गावे डोळ्यांसमोर येतात. ते चुकीचेही नाही, कारण देशातल्या अंदाजे लाखभर चिंकाऱ्यांपैकी बहुतेक थरच्या वाळवंटात आहेत. मात्र विज्ञानाच्या वहीत या प्राण्याची पहिली नोंद आपल्या पठारावरून झाली, हे महाराष्ट्राने विसरू नये. पुणे जिल्ह्यात बारामती तालुक्यात सुप्याजवळचे मयूरेश्वर अभयारण्य १९९७ मध्ये मुख्यतः चिंकाऱ्यासाठीच जाहीर झाले. त्याचे क्षेत्र जेमतेम ५.१४ चौरस किलोमीटर आहे.

काळवीट शास्त्राच्या दृष्टीने गॅझेल नव्हे, पण त्याच कुळातले, अगदी जवळचे भाऊबंद. दोघांची राहणी मात्र वेगळी आहे आणि मोजणीसाठी हा फरक कळीचा आहे. काळवीट कळपाने, उघड्या गवतात राहते. प्रौढ नराचा काळा-पांढरा रंग आणि पिळाची शिंगे लांबून दिसतात. चिंकारा एकटा किंवा दोन-चारांच्या टोळीत फिरतो. अंगाचा रंग मुरमात मिसळून जाणारा, उंची दोन फुटांच्या थोडी वर, वजन वीस-पंचवीस किलो. नर आणि मादी दोघांनाही शिंगे असतात, फक्त मादीची बारीक आणि सरळ. धोका जाणवला की तो पाय आपटतो, नाकाने फुसकारतो, पळतो, आणि थोडे अंतर गेल्यावर थांबून मागे बघतो. झुडपाआड उभा असेल, तर अनुभवी वनरक्षकाच्या नजरेतूनही निसटतो. काळवीट पाण्याच्या जवळपास राहते आणि उन्हाळ्यात नियमित पाणी पिते. चिंकारा पाला, शेंगा, बोरे यांतला ओलावा आणि पहाटेचे दव यांवर कित्येक दिवस काढू शकतो. मिळाले तर तो पाणी पितो, पण त्याला रोज पाणवठ्यावर यावेच लागत नाही.

पाणवठ्यावर कोण येते

आता बुद्धपौर्णिमेच्या गणनेकडे पाहू. वैशाखात ओढे-नाले आटलेले असतात, पाणी मोजक्या ठिकाणी उरलेले असते, आणि पौर्णिमेचा उजेड असतो. प्रत्येक पाणवठ्यावर मचाण बांधायचे, चोवीस तास बसायचे आणि जे जनावर पाण्यावर येईल ते लिहून घ्यायचे. यामागचा तर्क असा, की उन्हाळ्यात प्रत्येक जनावर चोवीस तासांत एकदा तरी पाण्यावर येतेच. विदर्भातल्या जंगलात सांबर, गवा, रानडुक्कर यांच्याबाबत या तर्कात थोडे तथ्य आहे. चिंकाऱ्याच्या बाबतीत तर्काचा पहिला पायाच ढासळतो. जे जनावर पाण्यावर येण्याला बांधलेले नाही, त्याची मोजणी पाण्यावर बसून केली, तर येणारा आकडा चिंकाऱ्यांच्या संख्येबद्दल काहीच सांगत नाही. त्या दिवशी किती चिंकाऱ्यांना तहान लागली, एवढेच त्यातून कळते.

काळवीट पाण्यावर येते, म्हणून त्याच्या बाबतीत ही पद्धत चालेल, असे वाटते. तिथेही अडचणी आहेत. येवल्याच्या माळावर वनविभागाने भरलेले पाणवठे हे पाण्याचे एकमेव ठिकाण नाही. राखीव क्षेत्राला लागून शेततळी आहेत, विहिरींच्या थारोळ्यात साचलेले पाणी आहे, गुरांचे हौद आहेत. रात्री शेतातल्या हौदावर पाणी पिऊन गेलेला कळप मचाणाच्या तक्त्यात येत नाही. उलट एकच कळप पहाटे एका पाणवठ्यावर आणि दुपारी दुसऱ्यावर गेला, तर दोनदा मोजला जातो. काळविटांचे कळप दिवसभरात फुटतात, पुन्हा मिळतात, त्यामुळे सकाळचा बारांचा कळप आणि संध्याकाळचा वीसांचा कळप यांत तीच जनावरे किती, हे मचाणावरून कळत नाही. यात भर वळवाची. आदल्या संध्याकाळी एक सर पडली, तर माळावरच्या प्रत्येक खळग्यात पाणी साचते आणि दुसऱ्या दिवशी पाणवठा ओस पडतो. आकडा निम्म्यावर येतो, हरीण मात्र एकही कमी झालेले नसते. सायखेड्याच्या उपबाजारात एका दिवशी कांद्याच्या किती ट्रॉल्या आल्या, यावरून तालुक्याचे पीक किती हे कोणी शेतकरी ठरवत नाही. त्या दिवशी पाऊस होता का, अमावास्या होती का, व्यापाऱ्यांचा बंद होता का, हे तो आधी विचारतो. हरणांच्या आकड्याला मात्र असा प्रश्न कोणी विचारत नाही.

सदोष मोजणीची किंमत देशाने एकदा मोजली आहे. वाघांची गणना अनेक वर्षे पाऊलखुणांवरून होत असे. राजस्थानातल्या सरिस्का प्रकल्पात कागदावर वाघ होते, आणि २००५ मध्ये तिथे एकही उरला नसल्याचे उघड झाले. त्यानंतर पाऊलखुणांची पद्धत मोडीत निघाली आणि २००६ पासून दर चार वर्षांनी कॅमेरे आणि संख्याशास्त्र यांवर आधारलेला अंदाज सुरू झाला. आता राज्यातल्या व्याघ्र प्रकल्पांत बुद्धपौर्णिमेच्या मचाणबैठकीला ‘निसर्गानुभव’ म्हणतात. लोकांनी यावे, रात्र बघावी, जंगलाशी नाते जोडावे, हा तिचा खरा उपयोग. माळरानांनीही हाच धडा घ्यायला हवा.

रेषा, अंतर आणि न दिसलेली हरणे

मग मोजायचे कसे? वाघाच्या अंगावरचे पट्टे प्रत्येकाचे वेगळे असतात, म्हणून कॅमेऱ्यातल्या छायाचित्रांवरून एकेक वाघ ओळखता येतो. चिंकारे आणि काळवीटे अशी एकेक ओळखता येत नाहीत. त्यांच्यासाठी जगभर सर्वांत जास्त वापरली जाते ती रेषेवरून चालण्याची पद्धत. नकाशावर दोन किलोमीटरची सरळ रेषा आखायची. ती रस्त्याच्या किंवा पायवाटेच्या कडेने नको, कारण हरणे रस्त्यापासून लांब राहतात किंवा कधी मुद्दाम जवळ येतात, आणि दोन्हींमुळे आकडा बिघडतो. सकाळी उजाडताच दोन-तीन माणसांनी त्या रेषेवरून हळू चालायचे. कळप दिसला की चार गोष्टी लिहायच्या. जनावरे किती, त्यांत नर-मादी-पाडसे किती, आपल्यापासून कळपाच्या मध्यापर्यंतचे अंतर किती, आणि आपल्या चालण्याच्या दिशेशी त्याचा कोन किती. अंतर लेझर रेंजफाइंडरने मोजायचे, कोन होकायंत्राने. जनावर दचकून पळण्याआधी जिथे होते, तिथलेच अंतर धरायचे.

या नोंदींतून जे निघते ते मचाणावरून कधीच निघत नाही. रेषेपासून कळप जितका लांब, तितका तो दिसण्याची शक्यता कमी. समजा, रेषेच्या अगदी जवळच्या पट्ट्यात दहा कळप दिसले आणि तेवढ्याच रुंदीच्या पण दीडशे मीटर लांबच्या पट्ट्यात पाच. माळावर कळप सगळीकडे सारखेच पसरलेले असतील, तर लांबच्या पट्ट्यातले निम्मे कळप नजरेतून सुटले, हे उघड आहे. दिसण्याचे प्रमाण अंतरागणिक कसे उतरते, याचा आलेख काढला की न दिसलेल्या हरणांचाही हिशेब मांडता येतो. पावसाळ्यानंतर गवत कमरेइतके वाढते आणि हरणे कमी दिसतात. उन्हाळ्यात माळ उघडा पडतो आणि जास्त दिसतात. साध्या मोजणीत यालाच संख्या घटली किंवा वाढली असे म्हटले जाते. अंतराची पद्धत गवताचा पडदा वेगळा काढते आणि जनावरांची घनता वेगळी दाखवते.

ही पद्धत निर्दोष आहे, असे कोणीच म्हणत नाही. विश्वासार्ह आलेखासाठी साधारण साठ ते ऐंशी वेळा कळप दिसावा लागतो. काळविटांच्या बाबतीत ते जमते, चिंकारा थोडा असेल तर एका वर्षात जमत नाही. मग लगतच्या माळांच्या किंवा सलग वर्षांच्या नोंदी एकत्र कराव्या लागतात. जोडीला चिंकाऱ्यांच्या लेंड्यांचे ढीगही उपयोगी पडतात. चिंकारे ठरलेल्या जागी पुन्हापुन्हा लेंड्या टाकतात, त्यामुळे ते ढीग ताजे आहेत की जुने, यावरून वावर चालू आहे की थांबला, हे कळते. सगळ्यांत मोठा फायदा असा, की ही पद्धत आपल्या चुकीचा पल्लाही सांगते. अंदाज दोनशेचा असेल, तर तो एकशेसाठ ते दोनशेचाळीस यांमध्ये कुठेही असू शकतो, असे ती उघड सांगते. मग पुढच्या वर्षी दोनशेवीस आले, तरी वाढ झाली असा मथळा देता येत नाही. पल्ला सांगितला की उतावीळ निष्कर्ष आपोआप आवरतात.

पाडसे किती

एकूण संख्येइतकाच महत्त्वाचा असतो कळपाचा घाट. काळविटाची मादी साधारण सहा महिन्यांनी एका पाडसाला जन्म देते. पहिले काही दिवस पाडस गवतात दडून बसते, आई दूर चरते आणि दूध पाजायला येते. या काळात त्याचा जीव गवतावर आणि कुत्र्यांच्या नसण्यावर अवलंबून असतो. म्हणून शंभर माद्यांमागे चालती-फिरती पाडसे किती, हे प्रमाण माळाच्या प्रकृतीबद्दल एकूण आकड्यापेक्षा लवकर बोलते. प्रौढ जनावरे वर्षानुवर्षे जगतात, त्यामुळे पाडसे दगावू लागली तरी एकूण संख्या काही वर्षे फारशी हलत नाही. आकडा हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. माळढोकाच्या बाबतीत महाराष्ट्राने हा उशीर अनुभवला आहे. सोलापूरजवळच्या नान्नजसाठी १९७९ मध्ये हजारो चौरस किलोमीटरचे अभयारण्य कागदावर आले, पुढे ते बरेच आटोपते घेतले गेले, आणि पक्षी राज्यातून जवळजवळ नाहीसा झाला. दीर्घायुषी, सावकाश वाढणाऱ्या जीवांच्या बाबतीत पुढची पिढी मोजली नाही, तर घसरण दिसत नाही.

मेलेल्यांची नोंद

येवला तालुक्यात काळवीट कशाने मरते, हे तिथला शेतकरी, मेंढपाळ आणि वनरक्षक सांगू शकतो. कठडा नसलेल्या विहिरीत पडून. मोकाट कुत्र्यांच्या टोळीने पाठलाग केल्याने. रस्ता ओलांडताना वाहनाच्या धडकेने. शेततळ्याच्या प्लास्टिकच्या कागदावरून घसरून, कारण आत गेलेल्या जनावराचे खूर त्या गुळगुळीत कागदावर ठरत नाहीत आणि त्याला वर येता येत नाही. विहिरीतून हरीण काढणे, जखमी जनावर उचलणे, शवविच्छेदन, पंचनामा, दफन ही कामे वनविभागाचे लोक गावकऱ्यांच्या मदतीने करत असतात. प्रत्येक प्रसंगाचा कागद होतो. पण हे कागद एकत्र मांडून, कोणत्या महिन्यात, कोणत्या गट नंबरात, कोणत्या कारणाने किती मृत्यू, असा नकाशा काढला तरच त्यातून निर्णय निघतात. कोणत्या पाच विहिरींना आधी कठडा हवा, कोणत्या वळणावर गतिरोधक हवा, कोणत्या शेततळ्यांत दोरीची जाळी सोडायला हवी, हे एकूण संख्येचा आकडा कधीच सांगणार नाही. मृत्यूंचा नकाशा सांगेल.

याला जगातले दाखले आहेत. सौदी अरेबियातल्या महाजात अस्-सय्यद या कुंपण घातलेल्या वाळवंटी राखीव क्षेत्रात पांढरे ओरिक्स आणि वाळूगॅझेल सोडण्यात आली. संख्या चांगली वाढली. मग अवर्षणाच्या वर्षांत त्यांचे मोठ्या प्रमाणावर मृत्यू झाले, कारण पाऊस पडेल तिकडे जाण्याची त्यांची वाट कुंपणाने अडवली होती. तिथे मेलेल्या जनावरांची आणि पावसाची नोंद ठेवली जात होती, म्हणूनच कारण हाती लागले. कझाकस्तानात २०१५ मध्ये काही आठवड्यांत दोन लाखांहून अधिक सायगा हरणे एका जीवाणूच्या संसर्गाने मेली. तिथे आधीपासून नियमित हवाई मोजणी होत असल्याने नुकसान किती मोठे हे लगेच कळले आणि संरक्षण वाढवता आले. पुढे सायगा सावरले, आणि २०२३ मध्ये त्याच्यावरच्या धोक्याची श्रेणी खाली आणण्यात आली. मंगोलियात २०१६-१७ मध्ये शेळ्या-मेंढ्यांतला पीपीआर हा रोग सायगांत पसरला. आपल्या माळांवरही मेंढरे आणि हरणे एकाच गवतावर चरतात. मृत्यूंची नोंद आणि मेंढरांचे लसीकरण हे दोन विषय एकाच टेबलावर यायला हवेत.

हद्दीच्या पलीकडे

मयूरेश्वरच्या पाच चौरस किलोमीटरमध्ये चिंकारा राहतो, हे अर्धेच खरे. तो तिथून निघतो, आजूबाजूच्या पडीक रानात, गायरानात, खाजगी माळावर चरतो आणि परत येतो. इंदापूर तालुक्यातले कडबनवाडीचे माळ हे असेच गवताळ रान आहे. अहिल्यानगर जिल्ह्यात कर्जतजवळचे रेहेकुरी काळवीट अभयारण्य १९८० चे, क्षेत्र अवघे २.१७ चौरस किलोमीटर. काळविटाच्या चालीला एवढी हद्द म्हणजे सकाळचे चरणे. म्हणून फक्त हद्दीच्या आत मोजलेली संख्या दिशाभूल करू शकते. गायरानावर सौरपॅनेल उभे राहिले, पडीक म्हणून नोंदलेल्या माळावर झाडे लावली गेली, किंवा मुरूम उपसला गेला, तर अभयारण्यात मोजलेला आकडा काही काळ वाढूही शकतो, कारण बाहेरची जनावरे आत ढकलली जातात. ही वाढ आनंदाची नसते.

गवताळ माळाला सरकारी दप्तरात बहुधा पडीक म्हणून जागा मिळते. ‘झाडे लावा’ म्हणताना त्याच माळावर ग्लिरिसिडिया आणि सुबाभूळ लावणे पुण्याचे वाटते, पण कुसळी-मारवेलचे गवत आणि त्यावरची हरणे त्यात हरतात. येवल्यात यात आणखी एक बदल येतो आहे. मांजरपाडा प्रकल्पाचे पाणी पुणेगाव-दरसवाडी-डोंगरगाव कालव्याने या अवर्षणप्रवण भागाकडे वळवले जात आहे. तहानलेल्या गावांना पाणी मिळणे ही न्यायाची गोष्ट आहे, तिला विरोध असू नये. पण पाणी आले की ज्वारी-बाजरीच्या जागी कांदा आणि फळबागा येतात, पडीक राने मोडतात, तारेची कुंपणे वाढतात. हा बदल पूर्ण होण्याआधी माळावर काळवीट किती आणि कुठे होते, हे आता मोजले नाही, तर बदलाचा परिणाम पुढे कधीच सिद्ध करता येणार नाही.

तीन-चार आक्षेप

पहिला आक्षेप मनुष्यबळाचा. वनरक्षकाकडे आग, अतिक्रमण, बिबट्या, रोपवाटिका, पंचनामे असे सगळेच आहे, त्यात हे कुठे बसवायचे? हिशेब करून पाहू. देशव्यापी व्याघ्र गणनेत प्रत्येक बीटमध्ये, म्हणजे एका वनरक्षकाच्या हद्दीत, दोन किलोमीटरची एक रेषा आखून ती तीन सकाळी चालली जाते. राज्यातल्या जंगलांतल्या वनरक्षकांना हे काम येते. वर्षातून चार ऋतूंत तीन-तीन सकाळी धरल्या, तरी एका बीटमागे वर्षाला बारा सकाळी होतात. लागणारी साधने म्हणजे एक रेंजफाइंडर, एक होकायंत्र, एक दुर्बीण. एका रात्रीसाठी बांधल्या जाणाऱ्या मचाणांच्या आणि वाहनांच्या खर्चापुढे हे फार नाही.

दुसरा आक्षेप शेतकऱ्यांचा, आणि तो सर्वांत गंभीर. ‘हरणे वाढली आहेत, मोजायची गरजच काय? आमची मठ आणि हरभरा खाऊन जातात.’ त्यांचे नुकसान खरे आहे. पण संख्या तेवढीच राहून गवत कमी झाले, तरी शेतात हरणे जास्त दिसतात. दोन्ही शक्यतांना उपाय वेगळे. संख्या वाढली असेल तर भरपाईची तरतूद वाढवा. गवत कमी झाले असेल तर गवत परत आणा. मोजणी नसेल तर सरकार कोणतीही बाजू घेऊ शकते आणि शेतकऱ्याच्या हाती पुरावा नसतो. चांगली मोजणी ही शेतकऱ्याच्याच बाजूची आहे.

तिसरा आक्षेप असा, की काळवीट आणि चिंकारा हे दोन्ही जागतिक यादीत संकटग्रस्त नाहीत, मग एवढा खटाटोप कशाला? ती यादी जगभरातल्या एकूण संख्येबद्दल बोलते. थरमध्ये चिंकारा सुखरूप असणे आणि सुप्याच्या माळावर तो टिकणे या वेगळ्या गोष्टी आहेत. कायद्याने दोघांनाही पहिल्या अनुसूचीचे, म्हणजे सर्वोच्च, संरक्षण दिले आहे. संरक्षण फळते आहे की नाही, हे तपासण्याची जबाबदारी त्या कायद्यातच आली.

चौथा आक्षेप नव्या तंत्राचा. ड्रोन आणि उष्णता टिपणारा कॅमेरा असताना पायी कशाला चालायचे? उघड्या माळावर ड्रोन खरोखर उपयोगी पडतो. पण त्यालाही झुडपाखालचे हरीण दिसत नाही, आवाजाने कळप उधळतो, आणि तेच तंत्र तशाच रीतीने दरवर्षी वापरले नाही, तर त्याचे आकडेही एकमेकांशी ताडता येत नाहीत. यंत्र जोडीला जरूर घ्यावे. जागांचे तपशील शिकाऱ्यांच्या हाती पडतील, ही भीतीही खरी आहे. त्यावर उपाय सोपा आहे. कल जाहीर करावा, जागा दप्तरात ठेवावी.

मागणी

ममदापूरसारख्या संवर्धन राखीव क्षेत्राची एक जमेची बाजू आहे. वन्यजीव कायद्यातल्या २००२ च्या दुरुस्तीने आलेल्या या प्रकारात व्यवस्थापन समिती नेमायची असते आणि तिच्यात संबंधित प्रत्येक ग्रामपंचायतीचा एक प्रतिनिधी, स्वयंसेवी संस्थांचे तीन प्रतिनिधी आणि कृषी व पशुसंवर्धन खात्यांचे प्रतिनिधी बसतात. म्हणजे मोजणीचा निर्णय गावाच्या साक्षीने करण्याची चौकट कायद्यानेच दिली आहे. या समितीने ठरावीक रेषा आखून घ्याव्यात, वर्षातून चार वेळा त्या चालल्या जाव्यात, गावातल्या मुलामुलींना रेंजफाइंडर धरायला शिकवावे, मेंढपाळांना मानधन देऊन सोबत घ्यावे. विहीर, शेततळे, रस्ता, कुत्रे अशा प्रत्येक मृत्यूची एकच नोंदवही असावी. पंचनाम्यांतली पीकनुकसानीची ठिकाणे त्याच नकाशावर यावीत. दरवर्षी एक पानाचा अहवाल मराठीत ग्रामसभेपुढे वाचला जावा, त्यात अंदाज, त्याचा पल्ला, पाडसांचे प्रमाण आणि मृत्यूंची कारणे असावीत. येवल्यात हे जमले, तर सुपे, रेहेकुरी आणि कडबनवाडीला हाच नमुना देता येईल.

वाचकांनीही एक गोष्ट करावी. पुढच्या बुद्धपौर्णिमेला मचाणावर जरूर बसा, माळाची रात्र बघा. पण दुसऱ्या दिवशी हरणांचा आकडा वाचाल, तेव्हा तीन प्रश्न विचारा. किती पाणवठ्यांवर, किती तास मोजले? गेल्या वर्षीही तेवढेच मोजले होते का? आणि वर्षभरात किती मेली? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे सोबत नसतील, तर तो आकडा छापण्याच्या लायकीचा नाही, आणि त्यावर हरणांच्या बाजूने किंवा विरुद्ध कोणताही निर्णय घेतला जाऊ नये.